पेशी आणि उपमान

न्यायशास्त्रांत उपमान हें एक स्वतंत्र प्रमाण मानलें आहे. ज्यानें गवय कधीं पाहिला नाहीं त्यास सांगावें कीं, गवय गाईसारखा असतो. मग अरण्यांत गेल्यावर तो प्राणी त्यास ओळखतां येतो. ज्या वस्तु नुसत्या डोळ्यांस दिसतच नाहींत, त्यांच्याविषयीं बोलतांना तर उपमेवांचून गत्यंतरच नसतें. पेशीविषयक शास्त्राचा इतिहास म्हणूनच बऱ्याच अंशीं उपमांचा इतिहास आहे. आणि प्रत्येक उपमेनें त्या शास्त्रास कांहीं दिलें, तसें कांहीं झांकूनहि ठेविलें, असें आम्हांस वाटतें.

रॉबर्ट हूक यानें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून त्याचें वर्णन १६६५ सालीं ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथांत दिलें. त्यास मधमाश्यांच्या पोळ्याची आठवण झाली, व त्या पोकळ्यांस त्यानें ‘सेल’ म्हणजे कोठडी असें नांव दिलें. एका घन इंचांत अशा १२० कोटींहून अधिक कोठड्या असाव्यात, असा हिशेबहि त्यानें मांडला. परंतु त्याच्यापुढें होत्या त्या मृत पेशींच्या रित्या भिंती. राहणारा केव्हांच निघून गेला होता. नांव भिंतीवरून पडलें, आणि लक्षहि दीर्घकाळ भिंतीकडेच राहिलें. आंतील केंद्रकास रॉबर्ट ब्राऊन यानें नांव दिलें तें १८३१ सालीं. त्या मानानें आपला ‘पेशी’ हा शब्द भाग्यवान म्हणावयाचा. आयुर्वेदांत तो मांसपेशीचा वाचक असल्यामुळें त्यांत रित्या खोलीचा भाव नाहीं.

पुढें रुडॉल्फ फिर्खो यानें शरीरास राज्याची व पेशीस नागरिकाची उपमा दिली. १८४८ च्या बर्लिन येथील क्रांतींत भाग घेणाऱ्या या वैद्यास ती सुचावी, यांत नवल नाहीं. रोगाचें मूळ पेशींतच शोधावें, हा त्याचा १८५८ सालचा सिद्धांत वैद्यकास नवें वळण देणारा ठरला. मात्र नागरिकाचें स्वातंत्र्य ज्या पेशीनें खरोखरच घेतलें व जी मन मानेल तशी वाढूं लागली, तिलाच आपण कर्करोगाची पेशी म्हणतों!

विसाव्या शतकांत पेशीचा कारखाना झाला. केंद्रक म्हणजे दप्तरखाना, रायबोसोम म्हणजे कारागीर, गॉल्जी पिंड म्हणजे माल बांधून ज्याच्या त्याच्या ठिकाणीं रवाना करणारी टपालकचेरी. लयकारिकांचा शोध १९५५ सालीं क्रिस्तियां द द्यूव्ह यानें लाविला, व त्यांस ‘आत्मघाताच्या पिशव्या’ असें भयंकर नांव मिळालें. वस्तुतः जुनें मोडून त्यांतील उपयोगी द्रव्य परत देणें हें त्यांचें नित्याचें काम. ज्या क्रियेनें पेशी आपलेच जीर्ण भाग त्यांच्याकडे पोंचविते, तिच्या संशोधनाबद्दल योशिनोरी ओहसुमी यास २०१६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आत्मघातकी म्हणून जिची निंदा झाली, ती बिचारी मोडीचा व्यापार करीत होती.

सर्वांत लोकप्रिय झाली ती तंतुकणिकेची उपमा. फिलिप सिकेविट्झ यानें १९५७ सालीं आपल्या एका लेखास ‘पेशीचें वीजघर’ असें नांव दिलें, आणि तें जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिरलें. हें वीजघर चालतें कसें, हें मात्र उकलत नव्हतें. अन्नाच्या ज्वलनांतून निघालेली शक्ति कोणा रासायनिक मध्यस्थाच्या हातीं जात असावी, अशा समजुतीनें त्या मध्यस्थाचा शोध चालला होता, तो सांपडेना. १९६१ सालीं पीटर मिचेल यानें प्रतिपादिलें कीं, ती शक्ति पटलाच्या एका बाजूस प्रोटॉन सांठविण्याकडे लागते, व ते परत वाहूं लागले म्हणजे त्या ओघावर एटीपी तयार होतें. म्हणजे कोळशाच्या भट्टीपेक्षां लोणावळ्याच्या तलावांतून खोपोलीस उतरणाऱ्या पाण्याची उपमा येथें अधिक जुळते. या मतास पुष्कळ वर्षें विरोध झाला. नोबेल पारितोषिक मिळालें तें १९७८ सालीं.

आम्हींहि वर्षानुवर्षें ‘तंतुकणिका म्हणजे पेशीचें वीजघर’ हें वाक्य फळ्यावर लिहीत आलों. एके दिवशीं मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, तंतुकणिका दुभंगून तिच्या दोन होतात म्हणतां, मग वीजघर दुभंगून त्याचीं दोन वीजघरें कशीं होतील?” वर्ग हंसला. आम्ही मात्र हंसूं शकलों नाहीं. कारण इतक्या वर्षांच्या अध्यापनांत हा प्रश्न आम्हांस सुचला नव्हता.

त्याच प्रश्नाच्या पोटीं मोठा इतिहास आहे. तंतुकणिकेंत स्वतःचें डीएनए आहे, हें १९६३ मध्यें दिसून आलें; आणि १९६७ सालीं लिन मार्गुलिस हिनें सांगितलें कीं, ही एके काळची स्वतंत्र जीवाणूची जात, दुसऱ्या पेशींत वस्तीस आली व तेथेंच राहिली. म्हणजे वीजघर नव्हे, तर घरजांवई! आणि हीहि उपमाच. तिचाहि पाय कोठेंतरी अडखळणारच.

म्हणून उपमा टाकाव्यात काय? मुळींच नाहीं. त्यांच्यावांचून त्या अरण्यांत पाऊलच टाकतां येणार नाहीं. त्या विद्यार्थिनीनें उपमा मनापासून खरी मानली, म्हणूनच ती कोठें तुटते तें तिला दिसलें; आम्हीं ती नुसती पाठ केली होती. गवय गाईसारखा आहे हें शिष्यास अवश्य सांगावें. परंतु ओळख पटल्यावर चरवी घेऊन त्याची धार काढावयास बसूं नये, हेंहि त्याच दिवशीं सांगावें.