अमळनेरचा पाहुणा आणि वैशाखातील वाळवण

बोरी नदीच्या काठी वसलेल्या अमळनेर कसब्याचा इतिहास लिहिणारे लोक संत सखाराम महाराजांची समाधी, प्रतापशेठांची कापड गिरणी, 1916 मध्ये स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर आणि साने गुरुजींनी जिथे अध्यापन केले ती शाळा, यांचा उल्लेख अग्रक्रमाने करतात आणि तो सर्वथैव यथार्थ आहे. परंतु यात्रेकरू, पंडित, विद्यार्थी, गिरणी कामगार आणि कचेरीत तारखेसाठी आलेला कुणबी अशा नानाविध माणसांचा राबता ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिला, त्या गावाने आल्यागेल्याच्या पुढे काय ठेवले, याची नोंद सरकारी दप्तरात सहसा सापडत नाही. ती येथील स्वयंपाकघरांतील डब्यांत आणि गृहिणींच्या हातवळणात मात्र आजही शिल्लक आहे.

खानदेशातील घरात वेळी-अवेळी पाहुणा आला, तरी यजमानीण गोंधळून जात नाही, कारण उडदाचा पापड, गव्हाची कुरडई आणि ज्वारीची बिबडी हे तीन जिन्नस बारमाही तयार असतात आणि ते निखाऱ्यावर भाजून अथवा उकळत्या तेलात सोडून घटकाभरात पानात वाढता येतात. पाहणाऱ्याला ही तजवीज अत्यंत सोपी वाटते. वस्तुतः हा सोपेपणा चैत्र-वैशाखाच्या रणरणत्या उन्हात आगाऊ कमावलेला असतो, आणि अमळनेरच्या आतिथ्याचा इतिहास हा मुख्यत्वेकरून या आगाऊ कष्टांचाच इतिहास आहे, असे माझे मत आहे.

बिबडीचेच उदाहरण घ्यावे. ज्वारी तीन दिवस पाण्यात भिजत घालावयाची, रोज पाणी बदलावयाचे, मग ती उपसून, निथळवून जाडसर दळून आणावयाची. पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात आधण ठेवून त्यात जिरे, तीळ, लसूण, मिरची आणि मीठ घालावयाचे आणि त्यात ते पीठ वैरून, गुठळी होऊ न देता, हाताला रग लागेपर्यंत घाटावयाचे. ऊन चढण्यापूर्वी ओल्या कापडावर, पाण्याच्या हाताने, एकेक बिबडी पातळ थापली जाते. हे काम एका स्त्रीच्या आवाक्यातले नसल्यामुळे आळीतल्या चौघीजणी एकत्र जमतात आणि आज हिच्या, उद्या तिच्या गच्चीवर असा क्रम कित्येक दिवस चालतो. त्या वेळी वाटीत घेतलेला गरम घाटा, वर कच्च्या तेलाची धार, आणि पापड लाटताना तेलात बुडवून खाल्लेली उडदाची लाटी, ही मदतीला आलेल्या शेजारणींची व अवतीभवती घोटाळणाऱ्या मुलांची हक्काची न्याहारी असते. एका मेजवानीच्या तयारीत दुसरी मेजवानी अशी आपोआप घडून येते.

हा काळ योगायोगाने पाहुण्यांचाही आहे. वैशाख शुद्ध तृतीयेला येणारी आखाजी हा खानदेशचा महान सण. त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरली जाते, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात आणि घरोघरी सांजोऱ्या, पुरणपोळी व आमरस यांची रेलचेल असते. त्यानंतर आठवडाभरातच अमळनेरात सखाराम महाराजांच्या यात्रोत्सवाची गर्दी होते, एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी निघते. माहेरवाशिणींचे हात वाळवणाला लागतात, नव्या वाळवणाची पहिली चव यात्रेच्या पाहुण्याला मिळते, आणि उरलेला साठा वर्षभराच्या आगंतुकांसाठी डब्यात बंद होतो, अशी ही व्यवस्था ऋतूनेच बांधून दिलेली आहे.

पेयांचा शिरस्ता पूर्वी साधा होता. उन्हातून आलेल्यास गूळ आणि पाणी, घरी दुभते असल्यास ताक, आणि कैरीच्या दिवसांत पन्हे, एवढ्यावर आदरातिथ्याची पूर्तता होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरतेकडून तापी खोऱ्यातील लोहमार्ग अमळनेरपर्यंत आला, विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिरणी उभी राहिली, आणि भोंग्याच्या तालावर पाळ्या बदलणाऱ्या माणसांचे एक नवे गाव जुन्या गावाला येऊन मिळाले. याच सुमारास, म्हणजे 1903 मध्ये, चहावर उपकर बसविणारा कायदा होऊन त्या पैशातून चहाच्या प्रसाराची मोहीम देशभर सुरू झाली. पुढच्या दोन पिढ्यांत चहाने गूळपाण्याची जागा घेतली, आणि पाहुण्याला चहा न विचारणे हा अपमान ठरू लागला.

तळणाच्या तेलाची हकीकत तर या गावाच्या उद्योगाशीच निगडित आहे. पूर्वी तेली बैलाच्या घाण्यावर तीळ गाळून देई. पुढे भुईमुगाचा पेरा वाढला तसे शेंगदाण्याचे तेल खानदेशी जेवणाचा आत्मा बनले. याच भुईमुगाच्या भरवशावर मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 29 डिसेंबर 1945 रोजी अमळनेर येथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली. तीच पुढे ‘विप्रो’ या नावाने जगास ज्ञात झाली. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेल्या या स्वस्त तुपामुळे साजूक तुपाची ऐपत नसलेल्या संसारातही सणावाराचे गोडधोड करणे शक्य झाले. मात्र फुणके खाताना वर जी धार सोडतात ती कच्च्या तेलाचीच. भिजवलेल्या डाळी लसूण-मिरचीसह जाडसर वाटून, त्यांचे मुटके उकडून, कढीबरोबर वाढलेला हा पदार्थ तळणाशिवायही पाहुण्याला तृप्त करतो.

हिवाळ्यात हेच आतिथ्य शेतात जाते. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर हिरवी-पांढरी वांगी भाजून, लसूण आणि हिरव्या मिरचीसह ठेचून केलेले भरीत आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, एवढ्यासाठी इष्टमित्र रात्री बांधावर जमतात. ज्या कपाशीने गिरणी चालविली, तिचीच वाळकी काडी या चुलीचे सरपण होते.

1952 मध्ये प्रा. कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली आणि पुन्हा 2024 मध्ये अमळनेरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. एवढ्या मोठ्या समुदायाची सरबराई अंगावर घेण्याचे बळ लहानशा गावात येते, त्यामागे यात्रेच्या व आखाजीच्या पाहुण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लावलेली सवय आहे, असे मी मानतो. आज बिबड्या विकत मिळतात, बचतगटांतील स्त्रिया त्या करून परगावी पाठवितात, आणि ही अत्यंत इष्ट गोष्ट आहे. विकत घेणाऱ्याने मात्र त्या मालाचा भाव करताना तीन दिवसांची भिजवण, पहाटेचा घाटा आणि वैशाखातले ऊन ध्यानात ठेवावे. ज्यांच्या घरी हे हात अजून चालते आहेत, त्यांनी येत्या आखाजीला त्यांच्याशेजारी बसून प्रमाणे लिहून घ्यावीत आणि, शक्य असेल तर, स्वतः एक दिवस घाटाही घाटावा.