बूस्ट गेज

बूस्ट गेज हे टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब दाखवणारे उपकरण आहे. बाहेरील वातावरणाच्या दाबापेक्षा इनटेक मॅनिफोल्डमधील दाब जितका अधिक असतो, त्या वाढीव दाबाला बूस्ट म्हणतात. बहुतेक डिझेल मोटारींच्या डॅशबोर्डवर हे गेज कारखान्यातून दिलेले नसते. त्यामुळे ते नंतर स्वतंत्रपणे विकत घेऊन बसवले जाते.

पार्श्वभूमी

बाहेर जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर इंजिनात अधिक हवा कोंबण्याच्या कल्पनेचे एकस्व स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. दाबमापकांत आजही वापरली जाणारी वक्र नळी फ्रान्सच्या यूजीन बूर्दों यांनी १८४९ मध्ये एकस्वित केली होती. १९७८ मध्ये आलेली मर्सिडीज-बेंझ ३०० एसडी ही टर्बो डिझेल इंजिन असलेली पहिली उत्पादित प्रवासी मोटार मानली जाते.

महाराष्ट्रात किर्लोस्कर कमिन्स या कंपनीची स्थापना १९६२ मध्ये पुण्यात झाली. प्रवासी वाहनांमध्ये २००२ साली बाजारात आलेली, नाशिक येथे तयार होणारी महिंद्रा स्कॉर्पिओ ही ग्रामीण भागात पोहोचलेल्या टर्बो डिझेल गाड्यांपैकी एक होय. पुण्याजवळील रांजणगावच्या कारखान्यात १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन तयार होऊ लागल्यावर टर्बो डिझेल लहान मोटारींतही रूढ झाले.

प्रकार

यांत्रिक गेज: मॅनिफोल्डपासून एक बारीक नळी थेट गेजपर्यंत येते. दाब वाढला की आतील वक्र नळी किंचित सरळ होते आणि काटा फिरतो.

इलेक्ट्रॉनिक गेज: दाबाचा संवेदक बॉनेटखाली असतो व केबिनमध्ये फक्त तारा येतात.

निदान-सॉकेटवर चालणारे गेज: गाडीच्या स्वतःच्या संवेदकाचे वाचन ओबीडी सॉकेटमधून घेतले जाते. यात नळी कापावी लागत नाही. मात्र मॅनिफोल्ड दाबाचा सर्वसाधारण संकेत कमाल २५५ किलोपास्कलपर्यंतच जातो आणि तो निरपेक्ष दाब असतो. बूस्ट काढण्यासाठी त्यातून वातावरणाचा दाब वजा करावा लागतो.

एकके

गेजवर बार किंवा पीएसआय ही एकके असतात. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल किंवा सुमारे १४.५ पीएसआय. अनेक डिझेल मोटारींत पूर्ण भाराखाली बूस्ट सुमारे १ ते १.५ बार असतो, म्हणून ० ते २ बार मर्यादेचे गेज सोयीचे ठरते. पेट्रोल गाड्यांच्या गेजवर शून्याखाली निर्वाताची पट्टी असते. डिझेल इंजिनात तिचा फारसा उपयोग होत नाही. गेजचा व्यास साधारणतः ५२ किंवा ६० मिलिमीटर असतो.

बसवण्याची पद्धत

काम इंजिन थंड असताना, बॅटरीची ऋण तार काढून केले जाते. गेजची जागा अशी निवडली जाते की रस्ता दिसण्यास अडथळा होऊ नये. विंडस्क्रीनलगतच्या खांबात पडदा-एअरबॅग असल्यास तेथे गेज बसवणे धोक्याचे असते.

दाब घेण्याची योग्य जागा इंटरकूलरच्या पुढे, मॅनिफोल्डजवळ असते. तेथील दाबाच्या नळीत टी-जोड बसवून गेजची नळी काढली जाते. इंटरकूलरच्या आधी दाब घेतल्यास वाचन किंचित जास्त येते आणि इंटरकूलरमधील गळती लक्षात येण्यास उशीर होतो.

डिझेल गाड्यांमध्ये निर्वात पंपापासून ब्रेक बूस्टरकडे आणि अनेक गाड्यांत टर्बोच्या नियंत्रकाकडे जाणाऱ्या नळ्याही असतात. त्या दिसायला दाबाच्या नळीसारख्याच असल्या तरी त्यांत टी-जोड लावता येत नाही. ब्रेकच्या नळीत गळती झाल्यास ब्रेकचा पॅडल जड होतो. टर्बो-नियंत्रकाच्या नळीत गळती झाल्यास टर्बोचे नियंत्रण बिघडते. म्हणून कोणती नळी कोठे जाते, हे गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेवरून ठरवणे हा कामातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

नळी उष्णता व तेल सहन करणारी असावी लागते. ती एक्झॉस्ट, टर्बो, पट्टे व पंखा यांपासून दूर नेऊन फायरवॉलमधील रबरी ग्रोमेटमधून आत घेतली जाते, कारण पत्र्याच्या धारेवर घासून ती कापली जाऊ शकते. टी-जोडाजवळ बारीक छिद्राचा रोधक लावल्यास काट्याची थरथर कमी होते आणि पुढे नळी तुटली तरी हवेची गळती मर्यादित राहते. गेजच्या दिव्याची तार फ्यूजमार्फत पार्किंग लाइटच्या तारेला जोडतात.

शेवटी सर्व जोडांवर साबणाचे पाणी लावून, सहायकाकडून इंजिनाचे फेरे वाढवून गळती तपासतात. इंजिन मंद चालत असताना काटा शून्याजवळ असावा आणि चढावर किंवा भाराखाली तो सहज वर जाऊन एका पातळीवर स्थिरावा.

वाचनाचा अर्थ

नेहमीपेक्षा कमी बूस्ट दिसणे हे सैल किंवा फाटलेली होज, तडा गेलेला इंटरकूलर, तुंबलेला एअर फिल्टर अथवा अडकलेली टर्बोची पाती यांचे लक्षण असू शकते. गळती असताना अपेक्षित दाब राखण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. मोटारीतील टर्बोचा वेग मिनिटाला दीड लाख फेऱ्यांहून अधिक असू शकतो, त्यामुळे दुर्लक्ष केल्यास काळ्या धुरापासून टर्बो निकामी होण्यापर्यंत परिणाम होतात. नेहमीपेक्षा जास्त बूस्ट हा वेस्टगेट वा पाती अडकल्याचा इशारा असतो. गेज बिघाडाचे नेमके कारण सांगत नाही, तसेच तेलाचा दाब किंवा एक्झॉस्टचे तापमानही दाखवत नाही.

परभणी जिल्ह्यातील वापर

परभणी जिल्हा समुद्रसपाटीपासून काहीशे मीटर उंचीवर असून तेथे हवेचा दाब साधारणतः ९७ किलोपास्कल असतो. समुद्रकिनाऱ्यावर तो सुमारे १०१ किलोपास्कल असतो. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. अशी हवा समुद्रकिनाऱ्यावरील २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एक-दशांशाने विरळ असते, त्यामुळे तेच काम करण्यासाठी टर्बोवर अधिक ताण पडतो. काळ्या मातीच्या प्रदेशातील कोरड्या रस्त्यांवरील धुळीने एअर फिल्टर लवकर तुंबतो. मानवत, पाथरी व परभणीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वर किंवा जिंतूर परिसरातील चढांवर एकाच भाराला व वेगाला दिसणारे वाचन अधूनमधून टिपून ठेवल्यास हा बदल वेळीच लक्षात येतो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. केवळ दाब दाखवणाऱ्या गेजमुळे हे तपशील बदलत नाहीत. बूस्ट वाढवण्यासाठी इंजिनात केलेले फेरफार मात्र वेगळे असून त्यांमुळे प्रदूषण वाढू शकते. वॉरंटी चालू असलेल्या गाडीत नळी किंवा तारा कापण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी पाहणे आवश्यक असते.