एकल पालकत्व: घर एकट्याने चालवताना खान्देशात नेमकं कुठे अडतं?

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. त्यांच्या कविता आपण सगळेच शाळेत शिकलो. त्या असोद्याच्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हेही आपल्याला पाठ असतं. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तिशीच्या आसपास त्यांचे पती नथूजी गेले आणि काशी, ओंकार, सोपानदेव या तीन मुलांची जबाबदारी त्यांच्या एकटीवर आली. त्यातल्या ओंकारला प्लेगमुळे कायमचं अपंगत्व आलं होतं. शिवाय शेतीची कामं होतीच. आजच्या भाषेत बहिणाबाई ‘एकल पालक’ होत्या.

आज जळगाव-धुळ्यात एकट्याने मुलं वाढवणाऱ्यांच्या वाट्याला तेच दोन प्रश्न येतात, पैसा आणि वेळ. त्यात आता तिसरा प्रश्न आलाय, कागदाचा. तुमच्याकडे कोणता दाखला आहे, यावर पुढची मदत मिळते किंवा अडते. आणि सगळ्यांत जास्त अडतं ते जिच्याकडे कोणताच दाखला नसतो तिचं.

एकल पालक म्हणजे नेमकं कोण?

पती किंवा पत्नी वारलेले, घटस्फोट झालेले, लग्न न करता मूल वाढवणारे, आणि जोडीदाराने सोडून दिलेले, हे सगळे यात येतात. कोरोनाच्या साथीनंतर ‘एकल महिला’ हा शब्द महाराष्ट्रात जास्त रुळला. हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने झालेल्या करोना एकल महिला पुनर्वसन समितीचा त्यात मोठा वाटा आहे.

विधवा बाईकडे पतीचा मृत्यू दाखला असतो. घटस्फोटितेकडे कोर्टाचा हुकूमनामा असतो. पण नवरा कामाला म्हणून सुरतेला गेला, तिकडेच राहिला, फोन उचलेनासा झाला, तर त्या बाईकडे काय असतं? काहीच नाही. कागदोपत्री ती विवाहित. सरकारी भाषेत तिला ‘परित्यक्ता’ म्हणतात, गावात सरळ ‘टाकलेली’ म्हणतात.

खान्देशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके, गौराईची गाणी होतात आणि लेकी परत जातात. टाकलेली लेक मात्र आधीपासून तिथेच असते. सण संपल्यावर सगळ्या निघतात आणि घरात ती, तिची मुलं, भाऊ आणि भावजय उरतात. ‘माहेरचा आधार आहे ना’ हे वाक्य ऐकायला सोपं आहे, पण त्या आधाराचं रोजचं भाडं ती घरकाम करून आणि मान खाली घालून भरत असते.

हा प्रश्न महाराष्ट्रात जाहीरपणे मांडला गेला तो १९८८ मध्ये. संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली. त्या चळवळीतल्या निशा शिवूरकर यांनी पुढे ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तक लिहिलं. तेव्हापासून सरकारी योजनांच्या यादीत परित्यक्ता हा शब्द दिसू लागला, पण ती परित्यक्ता आहे हे सिद्ध कसं करायचं, हा घोळ अजून मिटलेला नाही.

सोडून दिलेल्या बाईने पहिला कागद कुठून आणायचा?

कोर्टातून. पोटगीसाठी अर्ज केला की पैसे मिळायचे तेव्हा मिळतील, पण आपण वेगळे राहतो याची तारखेसह नोंद होते. पुढच्या बऱ्याच ठिकाणी हीच नोंद उपयोगी पडते. त्यामुळे ‘त्याच्याकडून काय मिळणारे’ म्हणून हा अर्ज टाळू नये, असं माझं मत.

पोटगीचं जुनं कलम १२५ आपल्याला ऐकून माहीत असतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं. यात पत्नीसोबत मुलांनाही पोटगी मागता येते, मग आई-वडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो. नवरा सुरतेत असला म्हणून सुरतेला चकरा मारायची गरज नाही. पत्नी जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, म्हणजे माहेर पारोळ्याचं असेल तर पारोळ्याहूनच सुरुवात करता येते. घटस्फोटित मुस्लिम महिलाही या कलमाखाली पोटगी मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

दोन गोष्टी वकिलाला आवर्जून विचारा. पहिली, अंतरिम पोटगी. खटला चालू असतानाच ती मागता येते आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो (‘शक्यतो’ हा शब्द कायद्यातलाच आहे, त्यामुळे उशीर होतोच). दुसरी, थकबाकी. मंजूर झालेली रक्कम त्याने दिली नाही, तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. वर्ष उलटलं की या मार्गाने त्या महिन्याचे पैसे मागता येत नाहीत. ‘आज देतो, उद्या देतो’ यात नेमकं हेच वर्ष निघून जातं.

वकिलाची फी? विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती असते. हेल्पलाइन नंबर १५१००.

आता फारकतीबद्दल. चार माणसं बसली, स्टँप पेपरवर लिहून घेतलं, दोघांनी सह्या केल्या, झाली काडीमोड. आपल्याकडे हे आजही होतं. पण समाजाची तशी जुनी रूढी आहे हे सिद्ध करता आलं नाही, तर हिंदू विवाह कायद्यापुढे या कागदाला घटस्फोटाची किंमत नाही. शाळेत, तहसीलमध्ये कोर्टाचा हुकूमनामाच मागतात. त्याच फारकतीवर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते बेकायदा ठरण्याचा धोका असतो. दोघंही राजी असतील तर परस्पर संमतीने कोर्टातून घटस्फोट घेणं केव्हाही बरं.

महिन्याला हातात काय येऊ शकतं?

मुलांसाठी सगळ्यांत उपयोगाची आणि गावात सगळ्यांत कमी माहिती असलेली योजना म्हणजे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. अनाथ मुलांसाठीच आहे असं अनेकांना वाटतं, पण एकच पालक असलेली मुलंही यात येतात. मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, वय १८ होईपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात होतो, मंजुरीचा आदेश बाल कल्याण समिती देते.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिन्याला ४,००० रुपये मिळतात. त्याला उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. एकाच मुलासाठी दोन्ही घेता येत नाहीत, तेव्हा आपल्याला कोणती लागू होते ते त्याच कार्यालयात विचारा.

स्वतः आईसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, महिन्याला १,५०० रुपये. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटाची केस चालू असलेल्या आणि घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणाऱ्या महिला यात बसतात. केस चालू असलेल्यांचा उल्लेख लक्षात घ्या, वर पोटगीच्या अर्जाबद्दल सांगितलं ते यासाठीच. अर्ज तहसील कार्यालयात. अडचण आहे ती उत्पन्नाच्या अटीची. वर्षाला २१,००० रुपये ही मर्यादा वर्षानुवर्षं तशीच राहिली आहे. भागून पाहा, महिन्याला १,७५० रुपये होतात. कापूस वेचायला जाणारी बाईही हंगामात त्याहून जास्त कमावते. ही अट कोणाला डोळ्यांसमोर ठेवून ठरवली असेल, मला कळत नाही.

लाडकी बहीण योजनेत उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे आणि विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता महिला पात्र आहेत. मात्र दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० रुपये मिळत असतील तर ही मिळत नाही. २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झालं तेव्हा त्यात पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला होता. ज्यांचे दोघंही हयात नाहीत किंवा घटस्फोट झालाय, त्यांचं काय करायचं ही सोय नंतर करावी लागली.

घरातला कमावता माणूस वारला असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकरकमी २०,००० रुपये मिळतात. मृताचं वय १८ ते ५९ असावं लागतं.

‘वडिलांना घेऊन या’

शाळेत, बँकेत, सेतू केंद्रात हे वाक्य ऐकावं लागतं. बऱ्याचदा समोरच्याला नियम माहीत नसतो, सवयीने बोललेलं असतं.

नियम काय सांगतात? सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सांगितलं की वडील हयात असले तरी ते मुलाची जबाबदारी घेत नसतील, तर आई पालक म्हणून सही करू शकते. २०१५ मध्ये याच न्यायालयाने म्हटलं की अविवाहित आईला मुलाचं पालकत्व मिळवण्यासाठी वडिलांचं नाव उघड करायची सक्ती नाही, आणि तिने प्रतिज्ञापत्र दिलं की जन्मदाखला द्यावा. पासपोर्टला डिसेंबर २०१६ पासून एकाच पालकाचं नाव चालतं. आई एकल पालक असेल तर पॅन कार्डाच्या अर्जात वडिलांचं नाव डिसेंबर २०१८ पासून बंधनकारक नाही. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं नाव येतं.

खरा पेच जातीच्या दाखल्याचा. जात वैधतेसाठी वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने पुरावे लागतात आणि सासरचे ते देत नाहीत. आंतरजातीय लग्नातल्या मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलंय की जात वडिलांचीच असते असं सरसकट धरू नये, मूल कोणत्या समाजात वाढलं तेही पाहावं. पण हे समितीसमोर पुराव्याने दाखवावं लागतं. त्यामुळे दहावी-बारावीची वाट न पाहता, सासरशी थोडंफार बोलणं आहे तोवरच सासऱ्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल मागून ठेवा.

सातबारा

शेतकरी नवरा गेला की तेरावं होईपर्यंत सातबाऱ्याचा विषय काढणं वाईट दिसतं. मग तो निघतच नाही. पतीच्या हिश्शात पत्नी, मुलं आणि पतीची आई यांचा समान वाटा असतो. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला तरी हक्क जात नाही, पण नाव नसेल तर पीककर्ज, पीकविमा, अनुदान सगळं अडतं. ‘दुसरं लग्न केलंस तर जमीन जाईल’ असंही सांगितलं जातं. पतीच्या मृत्यूनंतर वारसाने मिळालेला हिस्सा पुनर्विवाहाने जात नाही.

आणि रोजचा दिवस?

याला योजना नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत, इतरत्र कापसात, बाई सकाळी निघते आणि दिवे लागणीला परतते. अंगणवाडी दुपारीच सुटते, शाळाही तिच्या आधी सुटते. मधले तास मोठी मुलगी सांभाळते. आठवी-नववीतली पोरगी धाकट्याला जेवू घालते, पाणी भरते आणि एक दिवस शाळेत जायची थांबते. एकल पालकांच्या घरात सर्वात आधी लक्ष ठेवायला हवं ते तिच्यावर. ती ‘समजूतदार’ आहे असं सगळे म्हणायला लागले, की समजावं तिच्यावर जास्त भार पडलाय.

वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती एकदा सांगून ठेवली तर बरंच सोपं होतं. पालकसभेला आजी किंवा मामा आले तर चालतील का, मुलाला ताप आला तर फोन कोणाला करायचा, हे जूनमध्येच ठरतं. मूल ‘पप्पा कुठे आहेत’ विचारतं तेव्हा ‘कामाला गेलेत’ हे उत्तर वर्षभर पुरतं, मग ते शेजारच्या पोरांकडून खरं ऐकतं. थोडंच सांगा, पण खरं सांगा. आणि त्याच्यासमोर वडिलांचा किंवा आईचा उद्धार नको, कारण मूल स्वतःला दोघांचंही समजत असतं.

हळदी-कुंकवाला न बोलावणं, लेकीच्याच लग्नात आईला मागे बसवणं हेही मुलं पाहतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. तुमच्या ग्रामसभेतही असा ठराव मांडता येतो.

एकटे बाबा

पत्नी गेलेल्या पुरुषाला नातेवाईक वर्षभरात स्थळं आणू लागतात, त्यामुळे एकट्याने मुलं वाढवणारे बाप फारसे दिसत नाहीत. पण ते आहेत. लेकीची वेणी, तिची पाळी, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या आयांमध्ये आपण एकटेच, अशा अडचणी त्यांच्या. मदत मागायची सवय नसल्यामुळे ते उशिरा विचारतात. राज्य सरकारच्या सेवेत असलेल्या विधुर कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, तीही अनेकांना ठाऊक नसते. आणि वर सांगितलेली बालसंगोपन योजना फक्त आयांसाठी नाही. वडील एकटे असतील तर तेही त्याच कार्यालयात, त्याच नमुन्यात अर्ज करू शकतात, सोबत पत्नीचा मृत्यू दाखला लागतो.