पितळी पट्टीचं कूळ

मोडीत निघालेल्या होडीच्या फळीतून किल्ल्या अडकवायची पट्टी, पणत्यांचा ठोकळा नाहीतर फोटोची चौकट करायची आणि वाढदिवसाला भेट द्यायची, ही हौस आता मीरा रोड-भाईंदरच्या इमारतींतही रुजली आहे. उत्तनला लाकडी होड्या अजून आहेत. तिथली एखादी जुनी फळी हाताला लागली की करणारा हरखतो. हे खूळ परदेशातून आलं असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. त्याचा एक भक्कम धागा मुंबईच्या गोदीतून जातो.

जुनं लाकूड पुन्हा वापरणं आपल्याला नवं नाही. वाडा पाडला की तुळईचे पाट आणि चौरंग व्हायचे. पण अमक्या वाड्याचा पाट म्हणून कुणी तो मिरवला नाही. लाकूड वाया जाऊ नये एवढंच मनात असायचं. भेटवस्तूचं गणित निराळं आहे. तिथे मोल लाकडाच्या पूर्वायुष्याचं असतं, आणि ते सांगायला वस्तूवर एक छोटी पितळी पट्टी ठोकतात. त्यामुळे कूळ शोधायचं ते या पट्टीचं.

सगळ्यात तगडा दावा शेक्सपिअरच्या तुतीचा. स्ट्रॅटफर्डला त्याच्या घराच्या अंगणातलं तुतीचं झाड १७५६ साली नव्या मालकाने, गॅस्ट्रेल नावाच्या पाद्र्याने, तोडलं. टॉमस शार्प या घड्याळजीने त्यातलं बरंचसं लाकूड घेतलं आणि पुढे कित्येक वर्षं त्याच्या डब्या, पेले विकले. माल इतका निघाला की लोकांना शंका येऊ लागली, आणि १७९९ साली शार्पला शपथेवर सांगावं लागलं की लाकूड त्याच झाडाचं आहे. दावा मोठा आहे, पण माझ्या मते अपुरा. एका झाडातून चाल पडत नाही. ती रूढ व्हायला लाकडाचा अखंड पुरवठा लागतो, आणि तो युद्धनौकांनी दिला. एका नौकेत हजारो झाडं असत. १७८२ साली बुडालेल्या रॉयल जॉर्जचं लाकूड १८३९ नंतर वर काढलं, तेव्हा त्याच्या डब्या आणि पुस्तकांची वेष्टणंसुद्धा झाली. रेझोल्यूट जहाजाच्या लाकडाचं मेज १८८० साली अमेरिकेच्या अध्यक्षांकडे गेलं, हे सर्वश्रुत आहे.

आता मुंबईचा धागा. नेल्सनची एकेकाळची नौका फूद्रॉयां व्हीटली कॉब या गृहस्थाने मोडणाऱ्यांच्या हातून सोडवली होती. १६ जून १८९७ रोजी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात ती फुटली. तिच्या लाकडाचं सामान झालं, तांब्याची पदकं झाली. त्याआधी जेमतेम महिनाभर, १९ मे रोजी, दुसरी एक नौका भंगारात विकली गेली होती: ट्रिंकोमाली. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईत मलबारी सागवानातून बांधलेली, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडलेली. तिच्या तळाच्या कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता. कॉबने तीच विकत घेतली आणि तिला फूद्रॉयांचं नाव दिलं. फुटलेल्या जहाजाच्या वस्तूंतून आलेला पैसा हिच्या कामी आला असणार, हा माझा ठाम कयास. फूद्रॉयां वाचली असती तर ट्रिंकोमालीच्याच डब्या झाल्या असत्या. आज ती हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे.

ती इतकी टिकली त्याचं श्रेय सागवानाला. ओकमधलं टॅनिक आम्ल लोखंडी खिळा खातं. खिळ्याभोवती काळं कडं धरतं, मग तिथलं लाकूडही भुसभुशीत होतं. सागवानातलं तेल उलट खिळ्याला जपतं आणि वाळवीला दूर ठेवतं. मुंबईतच बांधलेली गँजेस १८२१ पासून १९३० पर्यंत टिकली. ती मोडली तेव्हा तिच्या कप्तानाची खोली इंग्लंडमधल्या बर्ग बेटावरच्या हॉटेलात नेऊन बसवली.

आणि आपल्या वसईच्या खाडीचं काय? सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी लिहून गेला की गोव्याची घरं आणि जहाजं यांचं लाकूड वसईहून येतं. आगाशीला तर जहाजंच बांधत. त्या लाकडातलं पुष्कळसं घोडबंदर आणि भाईंदरसमोरून खाडीतून उतरलं असणार. डोंगरातलं लाकूड समुद्राला लावायची दुसरी सोयीची वाट मला दिसत नाही. म्हणजे मुंबईची गोदी उभी राहण्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून सागवानाचा हा व्यवहार आपल्या दारात चालू होता.

उत्तनच्या फळीवर काम करणाऱ्यांना म्हणूनच माझी एक विनंती आहे. सगळी फळी रंध्याखाली घालू नका. खिळ्यांची भोकं राहू द्या, निळ्या-हिरव्या रंगाचे थर राहू द्या, होडीच्या नावाचं एखादं अक्षर किंवा नोंदणीचा आकडा निघाला तर तो पुढच्या बाजूला घ्या. आणि मागे पट्टी ठोकताना नुसतं ‘जुनं लाकूड’ लिहू नका. होडीचं नाव, तिचं बंदर आणि ती मोडली ते साल, हे तिन्ही नाखव्याला विचारून घ्या.