चाळिशीचा चष्मा व त्यांतील रेघ

मराठी भाषेंत चष्म्याला 'चाळिशी' असें एक जुनें नांव आहे. ज्या कोणाच्या तोंडून तें प्रथम निघालें त्यानें नेत्रवैद्यकाचा ग्रंथ उघडलाहि नसेल. पण आजूबाजूच्या माणसांकडे त्याचें बारीक लक्ष असलें पाहिजे. वयाचीं चाळीस वर्षें उलटलीं न उलटलीं तोंच मनुष्य पंचांग हातभर लांब धरूं लागतो, सुईंत दोरा ओवावयास मुलांना हांक मारतो, आणि दिव्याचा उजेड पूर्वींसारखा राहिला नाहीं अशी तक्रार करितो. दोष दिव्याचा नसतो. बाहुलीच्या मागें डोळ्यांत जें लवचिक भिंग निसर्गानें बसविलें आहे तें वर्षानुवर्षें कठीण होत जातें, आणि जवळची वस्तु पाहण्यासाठीं फुगण्याची त्याची शक्ति ओसरते. हा रोग नव्हे. केंस पिकण्यासारखाच तो वयाचा धर्म आहे. मात्र केंसांना कलप तरी लावतां येतो.

चाळिशीचा चष्मा लावला कीं अक्षर दिसूं लागतें, परंतु मान वर करतांच समोरचा मनुष्य धुक्यांत गेल्यासारखा होतो. ज्यांना दूरच्यासाठींहि निराळा चष्मा लागतो त्यांची तर दुहेरी पंचाईत. एकाच कांचेंतून जवळचें व दूरचें हीं दोन्ही कशीं दिसावींत, या प्रश्नाचा माग प्रस्तुत लेखांत काढावयाचा आहे. प्रश्न दिसावयास लहान. पण त्याच्या उत्तराला सुमारें पावणेसातशें वर्षें लागलीं.

चष्म्याचा जन्म इटलींतला. १३०६ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत जिओर्दानो नांवाच्या एका धर्मोपदेशकानें फ्लॉरेन्स शहरीं प्रवचन करितांना असें सांगितलें कीं, ही कला निघून अजून वीस वर्षेंहि झालीं नाहींत, आणि ती प्रथम काढणाऱ्या गृहस्थाशीं आपण बोललों आहों. या विधानावरून काळ ठरतो. पण स्वामींनीं त्या गृहस्थाचें नांव मात्र सांगितलें नाहीं! ही उणीव पुढें एका देशाभिमानी लेखकानें १६८४ सालीं भरून काढली. फ्लॉरेन्सच्याच एका कल्पित नागरिकास त्यानें चष्म्याचा जनक ठरविलें, आणि विसाव्या शतकांत संशोधकांनीं हा बनाव उघडकीस आणीपर्यंत तो लोकांनीं खरा मानिला. ट्रेविझो येथील मठांतल्या भिंतीवर तोमासो दा मोदेना या चित्रकारानें १३५२ सालीं एका कार्डिनलाचें चित्र काढलें, तें चष्मा लावलेल्या माणसाचें सर्वांत जुनें चित्र होय. गंमत अशी कीं हा कार्डिनल १२६३ सालींच, म्हणजे चष्मा निघण्यापूर्वीं, वारला होता. चष्मा हें विद्वत्तेचें लक्षण होण्यास दोन पिढ्याहि लागल्या नाहींत, एवढें यावरून दिसून येतें.

लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, हे पहिले चष्मे बहिर्गोल भिंगांचे, म्हणजे अक्षरशः चाळिशीचेच होते. पोथ्या लिहिणारे व वाचणारे साधु उतारवयांत निरुपयोगी होत, ते आणखी वीस वर्षें कामास आले. दूरचें न दिसणाऱ्यांसाठीं लागणारीं अंतर्गोल भिंगें पंधराव्या शतकांत पुढें आलीं. आपल्याकडे चष्मा केव्हां आला याचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं मोठ्या चिकाटीनें केला होता. विजयनगरच्या राज्यांतील व्यासतीर्थ या मध्वसंप्रदायी यतींचें सोमनाथ कवीनें जें संस्कृत चरित्र लिहिलें, त्यांत १५२० च्या सुमारास हे यति चष्म्याच्या साहाय्यानें ग्रंथ वाचीत असल्याचें वर्णन आहे. त्या सुमारास पोर्तुगीज लोक गोव्यांत येऊन अवघीं दहा वर्षें झालीं होतीं. तेव्हां हा चष्मा त्यांच्याच जहाजांतून आला असावा, असें अनुमान कोणीहि करील.

पुढचीं अडीचशें वर्षें ज्यांना दोन चष्मे लागत ते दोन बाळगीत. या त्रासाला कंटाळून उपाय करणारा जो पुरुष इतिहासाला ठाऊक आहे तो म्हणजे अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसजवळ राहिलेला बेंजामिन फ्रँकलिन. १७८५ सालच्या मे महिन्यांत जॉर्ज व्हॉटली नांवाच्या लंडनच्या मित्रास त्यानें एक पत्र लिहिलें आहे. प्रवासांत कधीं वाचावेंसें वाटे, कधीं बाहेरचा देखावा पाहावासा वाटे, आणि दर वेळीं चष्मा बदलावा लागे; म्हणून त्यानें दोन्ही भिंगें मधोमध कापवून प्रत्येकाचा अर्धा भाग एकाच चौकटींत बसवून घेतला. वर दूरचें, खालीं जवळचें. आतां केवळ नजर वर किंवा खालीं केली कीं पुरे. पण या पत्रांतील खरी लज्जत पुढेंच आहे. जेवतांना ताटांतले पदार्थ दाखविणारें भिंग समोर बसलेल्या माणसाचा चेहरा नीट दाखवीत नसे. परकी भाषा कानाला सरावाची नसली म्हणजे बोलणाऱ्याच्या मुद्रेवरून अर्थ लावावा लागतो; आणि म्हणून या चष्म्यामुळें आपल्याला फ्रेंच अधिक चांगलें समजूं लागलें, असें एकोणऐंशी वर्षांचा हा म्हातारा आनंदानें लिहितो. ही युक्ति प्रथम त्याचीच कीं लंडनच्या कारागिरांची, याविषयीं पंडितांत वाद आहे. तो वाद पंडितांनाच लखलाभ असो! चष्म्याचें काम केवळ अक्षर दाखविणें नसून माणसामाणसांतला व्यवहार सुरळीत ठेवणें हें आहे, ही गोष्ट त्या पत्राइतक्या थोडक्यांत दुसऱ्या कोणीं सांगितलेली आमच्या वाचनांत नाहीं.

या भिंगांना इंग्रजींतलें 'बायफोकल' हें नांव १८२४ सालीं जॉन आयझॅक हॉकिन्स यानें दिलें, आणि लवकरच त्यानें मधल्या अंतरासाठीं तिसरा तुकडा घालून तीन भागांचें भिंगहि काढलें. पुढें १९०८ सालीं बोर्श नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें दोन जातींच्या कांचा तापवून एकजीव केल्या, त्यामुळें सांधा फारसा दिसेनासा झाला. पण मूळचे दोष गेले नाहींत. नजर रेघेवरून खालीं उतरतांच वस्तु एकदम उडी मारल्यासारखी सरकते. जिना उतरतांना पायरी असावी तेथें दिसत नाहीं. दुसरा दोष अधिक खोल आहे. दुभागी कांच दोनच अंतरें जाणते, आणि मनुष्याचें बहुतेक काम तिसऱ्याच अंतरावर चालतें. छापखान्यांत खिळे जुळविणारा, पेटीवर बसून स्वरलिपि पाहणारा, दुकानांत तराजूचा कांटा पाहणारा, यांची दृष्टि हातभर अंतरावर खिळलेली असते. तेथें वरचा भाग निरुपयोगी आणि खालचाहि निरुपयोगी. शिवाय ती रेघ म्हणजे कपाळावरच्या आठीप्रमाणें वय सांगणारी खूण! ही तक्रार क्षुल्लक म्हणून हंसण्यासारखी नाहीं. त्या एका रेघेपायीं कित्येकांनीं लागणारा चष्मा वर्षानुवर्षें टाळला असेल.

रेघच नको, वरून खालीं भिंगाची शक्ति हळूहळू वाढत जावी, ही कल्पना इंग्लंडमध्यें ओवेन एव्हज यानें १९०७ सालीं पेटंट घेऊन मांडली. पण त्याचें भिंग बाजारांत आलें नाहीं. याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. साधें भिंग गोलाच्या तुकड्याच्या आकाराचें असतें, आणि गोलाचा गुण असा कीं दोन पृष्ठें एकमेकांवर सर्व दिशांनीं घांसत राहिलें म्हणजे तीं आपोआप गोलाकार होतात. म्हणूनच गरीब कारागिरालाहि शतकानुशतकें भिंगें करतां आलीं. पण ज्या पृष्ठाची वक्रता प्रत्येक बिंदूपाशीं निराळी, तें घांसून कसें होणार? तें कोरूनच काढलें पाहिजे, आणि तें केंसाच्या जाडीहूनहि पुष्कळ सूक्ष्म अशा मापानें.

हें काम फ्रान्समध्यें बेर्नार मेतेनाझ या तरुण एंजिनियरानें तडीस नेलें. वडिलांचा दुभागी चष्मा पाहून त्याला ही कल्पना सुचली असें सांगतात. ज्या मंडळींत तो नोकरीस होता ती मूळ १८४९ सालीं पॅरिसच्या चष्मे करणाऱ्या कारागिरांनीं एकत्र येऊन काढलेली सहकारी संस्था. तेथें त्यानें आधीं पृष्ठाचें गणित बसविलें, मग तें कोरणारीं यंत्रें बनविलीं, मग तें मोजणारीं उपकरणें बनविलीं. १९५९ सालीं 'व्हॅरिलक्स' या नांवानें त्याचें भिंग विक्रीस आलें. आज चष्म्याचे दुकानदार ज्याला 'प्रोग्रेसिव्ह' म्हणतात त्या क्रमवर्धी भिंगाचा हा आरंभ होय. वरच्या भागांतून दूरचें, खालच्या भागांतून जवळचें, आणि दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टींतून मधलीं सर्व अंतरें. कोठेंहि सांधा नाहीं, कोठेंहि उडी नाहीं.

परंतु निसर्ग कांहीं फुकट देत नाहीं. गुंटर मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञानें १९६३ सालीं सिद्ध केलें कीं, अशा पृष्ठावर मधल्या रेषेनें खालीं जातांना शक्ति ज्या वेगानें वाढते, त्याच्या दुप्पट वेगानें बाजूंना अंधुकपणा आणणारा दृष्टिदोष वाढतो. उदाहरणार्थ, सोळा मिलिमीटरांत दोन डायॉप्टर शक्ति वाढवावयाची असेल तर मधल्या रेषेपासून चारच मिलिमीटरांवर एक डायॉप्टरचा दोष उत्पन्न होतो. हा कारागिराचा हलगर्जीपणा नव्हे, हा भूमितीचा नियम आहे. किती मोल दिलें तरी तो चुकवितां येत नाहीं. त्या दोषाला कोठें व किती पसरून ठेवावें एवढेंच मनुष्याच्या हातीं आहे. १९७२ सालीं निघालेल्या मेतेनाझच्या दुसऱ्या भिंगांत हीच युक्ति होती, आणि पुढें संगणकाच्या साहाय्यानें प्रत्येकाच्या डोळ्यांच्या मापाबरहुकूम पृष्ठ कोरणें शक्य झालें, तेंहि याच मार्गावरचें पाऊल. नवीन चष्मा घेणाऱ्यास पहिले कांहीं दिवस जमीन डोलल्यासारखी कां वाटते, व डोळे तिरपे करण्याऐवजीं मान वळवून पाहण्यास त्याला कां सांगतात, हें आतां वाचकांच्या ध्यानांत येईल.

या भिंगाचे लाभ खरे आहेत. शिक्षकाला हातांतलें पुस्तक, बाकावरचा विद्यार्थी व दूरचा फळा एकाच चष्म्यांतून दिसतात. आणि संगणकाचा पडदा तर नेमका त्याच हातभर अंतरावर येऊन बसला आहे, जेथें दुभागी कांच आंधळी होती. पण पायापाशीं पाहतांना वाचण्याचाच भाग आड येतो, ही अडचण येथेंहि उरतेच. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २००२ सालीं असें दाखविलें कीं, एकाहून अधिक शक्तींचीं भिंगें वापरणारे वृद्ध लोक अधिक वेळां पडतात. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत, नेहमीं बाहेर हिंडणाऱ्या वृद्धांना बाहेरच्यासाठीं केवळ दूरचा साधा चष्मा दिल्यानें त्यांचें पडणें कमी झालें; उलट क्वचितच घराबाहेर पडणाऱ्यांचें बाहेर पडण्याझडण्याचें प्रमाण वाढलें. तेव्हां आजोबांना महागांतला महाग चष्मा घेऊन दिला म्हणजे कर्तव्य संपलें असें घरांतल्या मंडळींनीं समजूं नये. ते दिवसभरांत कोठें कोठें जातात, हें आधीं पाहावें.

आणि ज्यांच्या घरीं असा प्रश्नच उद्भवत नाहीं, त्यांची गोष्ट निराळी आहे. आसामांतील चहाच्या मळ्यांत चाळीस वर्षांवरील सातशें एकावन्न मजुरांवर एक प्रयोग झाला व तो २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांना जवळचा साधा चष्मा फुकट दिला. ना रेघ, ना क्रमवर्धी पृष्ठ. पानें खुडण्याचें त्यांचें काम इतरांपेक्षां सुमारें बावीस टक्क्यांनीं वाढलें. पुढें बांगलादेशांतील खेड्यांत असाच प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत २०२४ सालीं छापला गेला. तेथें चष्मा मिळालेल्या लोकांची मिळकत इतरांहून तेहतीस टक्के अधिक भरली. १३०६ सालीं फ्लॉरेन्सच्या प्रवचनांत जी कला विशीच्या आंतली होती तिचेंच हें भिंग. तें या मजुरांच्या नाकावर चढावयास सातशें वर्षें लागलीं, आणि अजून कोट्यवधि लोकांच्या नाकावर तें चढलेलें नाहीं.