अवयव सापडला नाही, तरी संख्या संयुक्त!

गणिताच्या इतिहासावर पीएचडी करतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "त्यात आता शोधायचं काय राहिलंय?" आज एका संख्येच्या निमित्ताने उत्तर देतो.

ही बघा ती: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. १६४४ मध्ये मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने अशा रूपातल्या मूळ संख्यांची एक यादी छापली, त्यात ही होती. ती मूळ नाही, हे कळायला दोनशेहून अधिक वर्षं गेली.

पुढची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. ऑक्टोबर १९०३, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला, एक शब्द न बोलता ही संख्या काढली, आणि शेजारी गुणाकार मांडला: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. उत्तर तेच! टाळ्या पडल्या. "तीन वर्षांचे रविवार लागले," असं तो नंतर म्हणाला म्हणे.

हे "म्हणे" महत्त्वाचं आहे. ही रंगतदार हकिकत एरिक टेंपल बेलच्या १९५१ च्या पुस्तकातून पसरली. तोवर घटनेला ४८ वर्षं झाली होती आणि कोलला जाऊन २५. अवयव खरे आहेत, कोलचा शोधनिबंधही छापील आहे. रविवारांची खात्री मात्र मी देणार नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या गोष्टीमुळे एदुआर ल्युका झाकला जातो. ही संख्या संयुक्त आहे हे त्याने १८७६ मध्येच दाखवलं होतं, तेही एकही अवयव हातात नसताना!

हे कसं शक्य आहे? त्याची पद्धत पुढे लेमरने सोपी केली, तीच करून बघू. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आणि तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. हेच परत परत. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. त्यासाठी ४, १४, ८, ० अशी पदं येतात. घातांक ५, म्हणून चौथं पद बघायचं. ते ० आलं, म्हणजे ३१ मूळ. आता २०४७ घ्या, म्हणजे २ चा ११ वा घात वजा १. इथे दहावं पद १७३६ येतं. ० नाही, म्हणजे संख्या संयुक्त. २०४७ = २३ × ८९ हे आपल्याला कुठे लागलंच नाही!

अवयव शोधणं हे त्याहून फार अवघड काम. आपल्या २१ अंकी संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो. एवढी सवलत असूनही लहान अवयव येतो तो १४,४५,५८० व्या पटीनंतर. एकेक तपासत बसणं अशक्यच, म्हणून कोलने वर्गशेष वापरून उमेदवार गाळत नेले.

"संयुक्त आहे" हे कळणं आणि "कशी आहे" हे कळणं यांत इथे २७ वर्षांचं अंतर पडलं. ते अंतर आजही मिटलेलं नाही. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी मूळ की संयुक्त हे झटपट, खात्रीने ठरवणारी पद्धत दिली. अवयव काढायची तशी पद्धत आजच्या साध्या संगणकांसाठी कुणाकडे नाही. इंटरनेटवरची बरीचशी सुरक्षितता याच अडचणीवर उभी आहे.

आणि २ चा १०,४८,५७६ वा घात अधिक १? तीन लाखांहून जास्त अंकांची ही संख्या संयुक्त आहे, हे १९८० च्या दशकातच सिद्ध झालं. तिचा एकही मूळ अवयव अजून कुणाला माहीत नाही.

तर, शोधायचं काय राहिलंय? हे राहिलंय.