मानसोल्लासांतील मेणाचें माप

कल्याणीचा चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास आमच्या वाचकांस ओवीच्या उल्लेखामुळें परिचित आहेच. शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास रचिलेल्या या शताध्यायी ग्रंथांत धातूच्या मूर्ति ओतण्याची कृतिहि आहे. सरसीकुमार सरस्वती यांनीं १९३६ सालीं तिची चर्चा केली. आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो त्या कृतींतील तीन अंकांचा.

प्रथम मेणाची मूर्ति करून तिला धोतऱ्याच्या फुलासारख्या नळ्या जोडावयाच्या. मग जळका तूस, बारीक कातरलेला कापूस व मीठ घालून वाटलेल्या मातीचे तीन लेप द्यावयाचे व ते सावलींत वाळवावयाचे. मेण वितळून गेल्यावर पोकळी किती हें बाहेरून कळत नाहीं. म्हणून लेपापूर्वींच मेण तोलून घ्यावें, आणि तांबें अथवा पितळ त्याच्या आठपट, रुपें बारापट व सोनें सोळापट घ्यावें, असें ग्रंथकार सांगतो.

हे अंक आम्हीं पडताळून पाहिले. मधमाशांच्या मेणाची घनता सुमारें ०.९६ धरली तर तांबें ९.३ पट, रुपें १०.९ पट व शुद्ध सोनें २० पट लागतें. मेणांत राळ मिसळून तें जड केलें तर तांब्याचा अंक आठाजवळ येतो खरा, पण रुप्याचा बारापासून अधिकच दूर जातो. सारांश, एकाच मेणानें तिन्ही अंक जुळत नाहींत. शुद्ध सोनें सोळापट घेऊन बसणाऱ्या ओताऱ्याची मूर्ति अपुरीच राहील! आठ, बारा, सोळा ही चढण चार-चारांची, पाठांतरास सोयीची आहे. मातीचा भाग कारखान्यांतला व अंक पंडिताच्या हातचे, असा आमचा तर्क आहे.

गुणक धातूइतकाच नमुन्याच्या द्रव्यावरहि अवलंबून असतो, हें आजच्या ओतकामांत स्पष्ट दिसतें. अमेरिकेंत चार्ल्स हल यांस १९८६ सालीं ज्या युक्तीचें पेटंट मिळालें, तींत द्रवरूप राळेचा एकेक थर प्रकाशानें घट्ट करून वस्तु उभी राहते. अशा थ्री-डी प्रिंटरवर केलेले नमुने आतां मेणाच्या जागीं वापरतात. पीएलए या प्लॅस्टिकची घनता १.२४, त्याच्या नमुन्यास तांबें सव्वासातपटच पुरे. राळेचा नमुना तापतांना फुगून सांचा तडकवितो, म्हणून तो आंतून पोळ्यासारखा पोकळ करितात. तेथें तर सोमेश्वराचा तराजू निरुपयोगीच. आकारमान संगणकावरील आराखड्यावरूनच काढावें लागतें.

बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत मानसोल्लासाचा पहिला भाग १९२५ सालीं निघाला. तथापि संख्येचें एक अक्षर लेखकाच्या हातून चुकणें अवघड नाहीं. ज्यांच्या संग्रहीं या ग्रंथाची पोथी असेल त्यांनीं एवढें स्थळ काढून, विशेषतः सोन्याचा अंक, ताडून पाहावा व पाठ आम्हांस कळवावा.